यंत्रं फोडणाऱ्यांचा इतिहासकार

(तरुणांच्या अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचं शब्दांकन)



आमच्या क्षेत्रात एक सभ्य शिवी आहे : ‘लुडाइट’. नवं सॉफ्टवेअर वापरायला कुणी कुरकुर केली किंवा कृत्रिम बुद्धिमत्ता आल्यावर टेस्टिंगच्या टीमचं काय होणार असं कुणी मीटिंगमध्ये विचारलं, की हसत हसत त्याला लुडाइट म्हणतात. म्हणजे हा माणूस मागासलेला, प्रगतीचा वैरी आणि डोक्याने जरा कमी. इंजिनिअरिंगच्या चार वर्षांत वाफेचं इंजिन कुणी सुधारलं ते परीक्षेला होतं. ते आल्यावर कुणाच्या चुली विझल्या, ते कुठल्याच पेपरात नव्हतं. आज ज्या माणसाबद्दल बोलायचं आहे, त्याने आयुष्य या दुसऱ्या प्रश्नात घातलं. त्याचं नाव एडवर्ड पामर थॉम्पसन. जग त्याला ई. पी. थॉम्पसन म्हणून ओळखतं.

आधी लुडाइट कोण होते ते सांगतो, म्हणजे थॉम्पसन काय करत होता हे समजेल.

इंग्लंडमध्ये १८११ ते १८१३ या काळात रात्री टोळ्या निघायच्या आणि माग फोडायच्या. पत्रांवर ‘जनरल लुड’ अशी सही असायची. असा कुणी सेनापती बहुधा नव्हताच. नॉटिंगहॅमच्या भागात त्यांनी फोडले ते मोजे विणायचे माग. गंमत म्हणजे हे माग नवे नव्हतेच, दोनशे वर्षांपासून चालत आलेले होते. नवी होती ती मालकांची चलाखी. रुंद कापड विणायचं, ते कापून-शिवून मोजे म्हणून विकायचे आणि न शिकलेली पोरं कमी मजुरीवर कामाला लावायची. असला माल बाजारात आला की चांगल्या कारागिराचा दर पडायचा आणि नावही जायचं. टोळी आली की मजुरी पाडणाऱ्या मालकाचेच माग फोडायची. ठरलेला दर देणाऱ्या मालकाच्या मागाला हात लावायची नाही. अंधारात, घाईत, सैनिकांची भीती असताना हा फरक करणाऱ्या लोकांना आंधळा जमाव कसं म्हणणार?

यॉर्कशायरमध्ये प्रकरण वेगळं होतं. तिथे लोकरी कापडावरची लव जड कात्रीने कातरून कापड गुळगुळीत करणारे कसबी कारागीर होते. त्यांचं काम हिसकावणारी यंत्रं खरोखरच येत होती. पण हातोडा उचलण्याआधी या लोकांनी काय केलं? अशा यंत्रांना आळा घालणारे जुने कायदे पुस्तकात होते, ते लागू करा म्हणून त्यांनी वर्गणी काढली, वकील लावला, पार्लमेंटकडे अर्ज केले. पार्लमेंटने काय करावं? १८०९ मध्ये ते कायदेच रद्द केले. मजुरांनी संघटना करायला तर १७९९ पासूनच बंदी होती. सगळे दरवाजे बंद झाल्यावर १८१२ मध्ये हातोडे निघाले. सरकारने माग फोडण्याला फाशीची शिक्षा ठरवली. नेपोलियनशी युद्ध चालू होतं, तरी देशातल्या या कारागिरांवर बारा हजारांवर सैन्य लावलं. १८१३ च्या जानेवारीत यॉर्कला आठ-नऊ दिवसांच्या आत सतरा जणांना फाशी दिली.

ही गोष्ट शंभर वर्षं वेडगळ लोकांची गोष्ट म्हणून सांगितली गेली. थॉम्पसनने १९६३ मध्ये ‘द मेकिंग ऑफ द इंग्लिश वर्किंग क्लास’ हे आठशेहून जास्त पानांचं पुस्तक लिहिलं आणि ती उलटी करून दाखवली. प्रस्तावनेतच तो सांगतो की मोजे विणणारे गरीब, हातमागवाले, लुडाइट, स्वप्नं पाहणारे कारागीर, एवढंच काय, एका स्वयंघोषित पैगंबर बाईच्या नादी लागलेले लोक, या सगळ्यांना पुढच्या पिढ्यांच्या तुच्छतेतून सोडवायचं आहे. त्यांचे हिशेब चुकले असतील, पण ते दिवस त्यांनी काढले होते, आपण नाही.

हा माणूस आला कुठून? त्याच्या घराचा एक दरवाजा हिंदुस्थानात उघडत होता. वडील एडवर्ड जॉन थॉम्पसन मिशनरी होते. बंगालमध्ये बांकुराच्या कॉलेजात शिकवायचे. रवींद्रनाथांशी त्यांचा स्नेह होता, तसा कधी ताणही होता. १९२५ मध्ये त्यांनी ‘द अदर साइड ऑफ द मेडल’ हे पुस्तक लिहून १८५७ मधले इंग्रजांचे अत्याचार इंग्रजांनाच ऐकवले. ऑक्सफर्डच्या घरी नेहरूंचं येणं-जाणं होतं. धाकट्या एडवर्डचा जन्म १९२४ चा. साम्राज्य आपल्याच देशाचं असलं तरी त्याच्याविरुद्ध बोलता येतं, हे त्याने जेवणाच्या टेबलावर ऐकलं. थोरला भाऊ फ्रँक कवी होता, कम्युनिस्ट होता. दुसऱ्या महायुद्धात तो बल्गेरियातल्या फॅसिस्टविरोधी लढवय्यांबरोबर पकडला गेला आणि १९४४ मध्ये गोळ्या घालून मारला गेला. वय तेवीस. एडवर्ड तेव्हा इटलीत रणगाड्यावर होता.

युद्धानंतर केंब्रिजची पदवी घेतली, डोरोथीशी लग्न केलं आणि दोघं यॉर्कशायरमधल्या हॅलिफॅक्सला राहायला गेले. १९४८ पासून सतरा वर्षं त्याने लीड्स विद्यापीठाच्या प्रौढांच्या वर्गांत शिकवलं. दिवसभर काम करून संध्याकाळी येणारे कामगार, गृहिणी, शिक्षक हे त्याचे विद्यार्थी. एका प्रकाशकाने त्याच्याकडे ब्रिटिश कामगार चळवळीचं पाठ्यपुस्तक मागितलं होतं, १८३२ ते १९४५. तो पहिल्याच प्रकरणात अडकला आणि ते प्रकरण म्हणजे हे जाडजूड पुस्तक. (आमच्याकडे एखादं काम असं फुगलं की मॅनेजर ते बंद पाडतात. नशीब, त्याला तसा मॅनेजर नव्हता.)

आता पद्धतीकडे येतो, कारण मला वाटतं खरी शिदोरी तिथे आहे. फाशी जाणारे लोक डायरी लिहून ठेवत नाहीत. गुप्त शपथ घेणारे कागद जाळतात. मग पुरावा कुठला? थॉम्पसनने वाचलं ते सरकारी दप्तर : मॅजिस्ट्रेटची पत्रं, खबऱ्यांचे अहवाल, खटल्यांच्या जबान्या. म्हणजे ज्यांनी या लोकांना चिरडलं, त्यांचेच कागद. पण तो प्रत्येक कागदाला विचारतो : हे कुणी लिहिलं? कुणाला खूश करायला? खबऱ्याला बातमीचे पैसे मिळत असतील, तर तो बातमी वाढवून सांगणारच. १८१७ मध्ये ‘ऑलिव्हर’ नावाने वावरणाऱ्या एका सरकारी खबऱ्याने गावोगाव फिरून उठावाला फूस दिली आणि पेंट्रिचच्या उठावानंतर तिघे फासावर गेले. पण खबऱ्या खोटारडा होता म्हणून तिथे चळवळ नव्हतीच, असंही थॉम्पसन म्हणत नाही. खोट्या अहवालातसुद्धा सभा कुठे भरली, लोक काय बोलायला घाबरत होते, हे शिल्लक राहतं. ते तो वेचून काढतो.

गुन्हेगार, जमाव, कट्टर, मागास असे शब्द आपल्याबद्दल कागदावर पडतात, तेव्हा आपल्या दोनच प्रतिक्रिया असतात. एक तर संताप, नाहीतर शरमेने मान खाली. कागद हातात घेऊन तो लिहिणाऱ्याची उलटतपासणी करायची, ही तिसरी वाट आहे. तिला वेळ लागतो आणि वाचायची सवय लागते.

त्या पुस्तकातलं सगळ्यात गाजलेलं म्हणणं असं : वर्ग ही वस्तू नाही. ती घडणारी गोष्ट आहे, माणसामाणसांतलं नातं आहे. आमच्या भाषेत सांगायचं तर वर्ग हा तक्त्यातला रकाना नव्हे, की उत्पन्न इतकं, धंदा अमुक, म्हणून हा कामगार वर्ग. १७९२ च्या जानेवारीत लंडनच्या एका गुत्त्यात थॉमस हार्डी नावाचा चांभार आणि त्याचे मोजके सोबती जमले, आठवड्याला एक पेनी वर्गणी ठरवली आणि सभासदांच्या संख्येला मर्यादा नाही असा नियम केला. मताचा हक्क बहुतेक करून मालमत्तावाल्यांनाच होता त्या काळातली ही गोष्ट. अशा वर्गण्या, वाचनमंडळं, तुरुंग, गाणी, फसलेले बेत यांतून हळूहळू ‘आपण’ हा शब्द तयार होतो. थॉम्पसन म्हणतो, हा वर्ग जसा परिस्थितीने घडवला तसा तो स्वतःही घडला. पुस्तकाच्या नावातला ‘मेकिंग’ हा शब्द त्याने त्यासाठीच निवडला होता.

‘मुस्लिम समाज असा आहे’, ‘मुस्लिम समाज तसा विचार करतो’ अशी वाक्यं तुम्ही रोज ऐकता. टीव्हीवर ऐकता, आणि खरं सांगायचं तर आपल्या पुढाऱ्यांकडूनही ऐकता. दोघांनाही समाज म्हणजे एक ठोकळा हवा असतो. एकाला तो घाबरवायला हवा असतो, दुसऱ्याला त्याचा मुखत्यार व्हायला.

यातला हातमागाचा धागा थेट आपल्या घरापर्यंत येतो. पुस्तकात विणकरांवर एक मोठं प्रकरण आहे. लँकशायरच्या हातमाग विणकरांची मजुरी वर्षानुवर्षं कशी घसरत गेली, किमान दराची मागणी पार्लमेंटने कशी फेटाळली, ते सगळं त्यात आहे. त्याच लँकशायरचं गिरणीचं कापड जहाजांनी इकडे आलं आणि अवध, आझमगढ, बनारसच्या विणकरांचाही धंदा बसला. १८५७ नंतर त्यांतले कितीतरी मोमीन विणकर दक्षिणेकडे निघाले आणि मालेगाव, भिवंडी, मुंबईचं मदनपुरा इथे वसले. तुमच्यापैकी काहींच्या दादा-परदादांची ही गोष्ट असेल. मागांचा खडखडाट ऐकत लहानाचे मोठे झालेले इथे नक्की असतील. इंग्रज अधिकाऱ्यांनी मात्र या विणकरांची नोंद केली ती ‘कट्टर जुलाहा’ म्हणून. दंगा झाला की कारण तयार : जुलाहे जात्याच धर्मवेडे. इतिहासकार ज्ञानेंद्र पांडे यांनी हाच शिक्का तपासायला घेतला. त्यांनी दाखवलं की त्या शिक्क्याखाली धंद्याची पडझड, कर्ज, इज्जतीची लढाई हे सगळं दडपलं गेलं होतं. पांडे ज्या ‘सबाल्टर्न’ गटातले, त्या गटावर थॉम्पसनची छाप होती.

पण थॉम्पसनच्या पुस्तकात हा दुसरा विणकर नाही. लँकशायरचा कापूस अमेरिकेत गुलामांच्या घामाने पिकत होता, तेही जवळजवळ नाही. साम्राज्यविरोधी घरात वाढलेल्या माणसाच्या पुस्तकात हे नसावं, याचं मला नवल वाटतं. बायकांचंही तसंच. जोन स्कॉट यांनी १९८८ मध्ये नेमकं बोट ठेवलं, की थॉम्पसनच्या कामगाराचा चेहरा पुरुषाचा आहे, बायका कडेला उभ्या आहेत. टीका खरी आहे. डोरोथी थॉम्पसन स्वतः चार्टिस्ट चळवळीच्या मोठ्या इतिहासकार होत्या, त्या चळवळीतल्या बायकांवर त्यांनी लिहिलं. नवऱ्याच्या पुस्तकामागे त्यांचं किती काम आहे ते वेगळंच. आपल्याकडे असं काही सांगायला लागलं की लोक म्हणतात, मोठ्या माणसाबद्दल असं बोलू नये. का बोलू नये?

मुंबईच्या गिरणी कामगारांचे इतिहासकार राजनारायण चंदावरकर यांनी थॉम्पसन आणि हिंदुस्थानचा इतिहास यावर स्वतंत्र निबंधच लिहिला आहे. इथे एकच उदाहरण देतो. मुंबईच्या गिरण्यांत विणकाम खात्यात मजुरी जास्त, पण तिथे अस्पृश्यांना घेत नसत. धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागायचा, म्हणून विटाळाची सबब. १९२८ च्या मोठ्या संपात डॉ. आंबेडकरांनी हा प्रश्न लावून धरला. एकाच भोंग्यावर गिरणीत शिरणारे, एकाच मालकाचे मजूर, पण ‘आपण’ म्हणताना कुणाला धरायचं हे ठरलेलं नव्हतं. वर्ग आपोआप होत नाही, हे थॉम्पसन न वाचताही बाबासाहेबांना पक्कं ठाऊक होतं.

आता १९५६. थॉम्पसन तरुणपणापासून कम्युनिस्ट पक्षात होता. त्या वर्षी क्रुश्चेव्हचं गुप्त भाषण फुटलं, स्टालिनच्या काळातले खून खुद्द मॉस्कोनेच कबूल केले. ब्रिटिश पक्षाचे नेते म्हणाले, चर्चा पक्षात करू, शिस्तीत करू. थॉम्पसन आणि जॉन सॅव्हिल यांनी ‘द रीझनर’ नावाचं सायक्लोस्टाइल केलेलं नियतकालिक काढलं. पक्षाने बंद करायला सांगितलं, त्यांनी केलं नाही. तिसरा अंक निघाला तो सोव्हिएत रणगाडे हंगेरीत घुसत होते त्या दिवसांत. दोघांना निलंबित केलं, दोघांनी पक्ष सोडला. त्यांना काय काय ऐकावं लागलं असेल याची कल्पना करायला आपल्याला फार कष्ट नकोत. शत्रू टपलेला असताना घरातलं चव्हाट्यावर आणू नका. ही वेळ नाही. हे वाक्य आपल्यापैकी किती जणांनी ऐकलंय? मुलींनी तर जास्तच.

आणि यातली अवघड गोष्ट अशी की शत्रू खरोखरच टपलेला होता. शीतयुद्ध ऐन भरात होतं, कम्युनिस्टांच्या नोकऱ्या जात होत्या. पक्ष सोडल्यावर विरोधकांच्या व्यासपीठावर जाऊन बसणारे पुष्कळ निघाले, त्यांचं कौतुकही झालं. थॉम्पसन तिकडे गेला नाही. शेवटपर्यंत तो समाजवादी राहिला. ज्याने विणकराला आकडा होऊ दिलं नाही, तो हंगेरीच्या कामगाराला ‘प्रतिक्रांतिकारक’ या एका शब्दात कसा निकालात काढील? मला या दोन गोष्टी वेगळ्या वाटतच नाहीत.

जमावाबद्दल थोडं. १९७१ मध्ये त्याने अठराव्या शतकातल्या धान्याच्या दंग्यांवर निबंध लिहिला. भुकेले लोक लुटालूट करतात, एवढंच आधी मानलं जायचं. त्याने दाखवलं की बहुतेक ठिकाणी जमाव धान्य ताब्यात घेऊन वाजवी दराने विकायचा. १७६६ मध्ये हॉनिटनच्या लेस विणणाऱ्यांनी शेतकऱ्यांचं धान्य बाजारात नेऊन विकलं, आलेले पैसे शेतकऱ्यांना दिले आणि रिकामी पोतीसुद्धा परत केली! याला तो ‘नैतिक अर्थव्यवस्था’ म्हणतो.

तुमच्या मनात एक प्रश्न आला असेल : रस्त्यात माणसाला घेरून मारणारा जमावही आपण नीतीसाठी करतोय असंच म्हणतो, मग त्याचं काय? थॉम्पसन भोळा नव्हता. त्याच मोठ्या पुस्तकात १७९१ च्या बर्मिंगहॅमच्या दंग्याची हकिगत आहे. तिथे ‘चर्च आणि राजा’ अशा घोषणा देत जमावाने अधिकृत चर्चबाहेरच्या पंथीयांची घरं आणि प्रार्थनास्थळं जाळली. जोसेफ प्रीस्टली हा प्राणवायू शोधणारा शास्त्रज्ञ त्यांच्यातलाच. त्याचं घर, ग्रंथालय, प्रयोगशाळा सगळं गेलं. मॅजिस्ट्रेट बघत राहिले, काहींनी तर उत्तेजनच दिलं. लोक आपल्या समजुतीने उठतात तो जमाव वेगळा आणि वरच्यांनी मोकळा सोडलेला जमाव वेगळा, हा फरक थॉम्पसन स्पष्ट करतो. कुणाला वाचवलं, कुणाला नेमकं हेरलं, पोलीस कधी पोचले, फायदा कुणाचा झाला, हे विचारलं की फरक दिसतो. हॉनिटनला पोती परत गेली.

१९७५ मध्ये त्याने ‘व्हिग्ज अँड हंटर्स’ लिहिलं. विषय १७२३ चा ‘ब्लॅक अ‍ॅक्ट’. राजाच्या जंगलात तोंड काळं करून हरणं मारणाऱ्यांना फाशी देणारा, एका फटक्यात पन्नासेक गुन्ह्यांना देहदंड लावणारा कायदा. पुस्तकभर तो कायदा श्रीमंतांनी कसा वापरला ते दाखवतो, आणि शेवटी सगळ्या डाव्या मित्रांना चकित करतो. म्हणतो, तरीही कायद्याचं राज्य ही मोलाची गोष्ट आहे. कायद्याला न्याय्य दिसायचं असेल तर त्याला कधी कधी राज्यकर्त्यांचेही हात बांधावे लागतात. तेवढ्या जागेत दुबळा लढू शकतो. मनमानी सत्तेत ती जागाही नसते. ‘कायदा त्यांचाच आहे’ असं म्हणून माहितीचा अर्जसुद्धा न करणाऱ्या मित्रांना मी हे पुस्तक सुचवत असतो. पुढच्याच वर्षी, १९७६ च्या डिसेंबरात, आणीबाणी चालू असताना तो हिंदुस्थानात आला, कालिकतला इतिहास परिषदेत बोलला. वडिलांच्या मित्राच्या मुलीचं सरकार होतं, म्हणून त्याने आणीबाणीला सूट दिली नाही.

नोकरीतही तो सरळ बसला नाही. वॉरविक विद्यापीठात सामाजिक इतिहासाचं केंद्र त्याने उभं केलं. १९७० मध्ये तिथे विद्यार्थ्यांना अशा फायली सापडल्या, ज्यांवरून विद्यापीठ आणि उद्योगपती यांचं साटंलोटं आणि राजकीय टेहळणी उघड झाली. थॉम्पसनने विद्यार्थ्यांची बाजू घेतली, त्यावर पुस्तक काढलं आणि पुढच्या वर्षी प्राध्यापकी सोडली. १९८० नंतर तर त्याने इतिहासाची टेबलंच आवरली. युरोपात नवी अण्वस्त्रं येणार होती. अणुहल्ला झाला तर घरात कसं लपावं याची सरकारी पुस्तिका निघाली, तिला उत्तर म्हणून त्याने ‘प्रोटेस्ट अँड सर्व्हाइव्ह’ लिहिली. अमेरिकेची आणि रशियाची, दोन्हीकडची अस्त्रं हटवा अशी मागणी असल्यामुळे दोन्हीकडच्या शिव्या खाल्ल्या. देशोदेशी सभा घेत फिरला, तब्येत खालावली, पुस्तकं रखडली. १९९३ मध्ये गेला, त्याच वर्षी वडील आणि रवींद्रनाथांवरचं त्याचं पुस्तक आलं.

शेवटी एक छोटी हकिगत. सतराव्या शतकात लंडनमध्ये मगलटोनियन नावाचा एक चिमुकला धर्मपंथ निघाला होता. कवी ब्लेकचा अभ्यास करताना थॉम्पसन त्यांच्या मागावर गेला. पंथ कधीच संपला असं सगळे धरून चालले होते. शोधता शोधता त्याला केंट परगण्यात एक म्हातारा बागायतदार भेटला. बहुधा शेवटचा मगलटोनियन. महायुद्धात लंडनवर बॉम्ब पडले, तेव्हा या माणसाने पंथाची कागदपत्रं आपल्या गाडीतून गावी आणली होती आणि सफरचंदाच्या पेट्यांमध्ये भरून ठेवली होती. तीनशे वर्षांची पत्रं, हिशेब, गाणी. ते दप्तर आज ब्रिटिश लायब्ररीत आहे.

आपल्या पेट्या कुठे आहेत? जमातखान्याच्या जुन्या वह्या, विडी कामगारांच्या युनियनच्या पावत्या, माग कामगारांच्या संपाची पत्रकं, दादीच्या निकाहनाम्यावर लिहिलेली मेहेरची रक्कम, दंगलीनंतरच्या पंचनाम्याची नक्कल, उर्दू शाळेचं हजेरीबुक. पावसाळ्यात घरं गळतात आणि रद्दीवाला दर महिन्याला येतो. फोनवर नीट स्कॅन कसं करायचं, फाइलला नाव-तारीख कशी द्यायची आणि कागद ज्याचा आहे त्याची परवानगी कशी लिहून घ्यायची, एवढं मी शिकवू शकतो, ते माझ्या धंद्यातलं आहे. लॅपटॉप आणला आहे. कुणाच्या घरी असं काही असेल तर चहाच्या वेळी मला गाठा. आणि उर्दू, मोडी वाचता येणारं कुणी इथे असेल, तर त्यांनी आत्ताच हात वर करा.